निव्वळ कौशल्याचा खेळ : कौटिल्याच्या द्यूताध्यक्षापासून आजच्या क्लबापर्यंत

१. प्रयोजन

चाकण हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस संग्रामदुर्गामुळें परिचित आहे. इ. स. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें तो लहानसा भुईकोट सुमारें दोन महिने लढविला, हें सर्वश्रुत आहे. आज त्याच चाकणच्या भोंवतीं मोटारींचे कारखाने उभे असून, ज्यांचा दिवस पाळ्यांवर मोजला जातो अशा कामगारांची मोठी वस्ती तेथें झाली आहे. जेथें माणूस ठराविक तास राबतो, तेथें त्यास उरलेल्या तासांसाठीं विरंगुळाही हवा असतो. म्हणून एकीकडे वाचनालय, व्यायामशाळा व कॅरमचें टेबल, आणि दुसरीकडे ‘पत्त्यांचा क्लब’ या नांवानें ओळखली जाणारी जागा, या दोन्ही गोष्टी अशा गांवांत शेजारीं शेजारीं वाढतात.

प्रस्तुत लेखास निमित्त झालें तें असें. आमच्या परिचयाच्या कांहीं वृद्ध गृहस्थांनीं दिवाळीच्या सुटींत जुन्या बैठ्या खेळांच्या साहित्याचें एक छोटेंसें प्रदर्शन भरविण्याचें योजिलें. एक कापडी पट, लांकडी सोंगट्या, फाशांची जोडी, बुद्धिबळाविषयींची कांहीं हस्तलिखित पानें आणि दशावतारी गंजिफेचा एक अपुरा डबा इतकें साहित्य जमलें. गंजिफेच्या १२० पानांपैकीं ८३ शिल्लक होतीं, तरी रंग सुरेख राहिला होता. प्रदर्शनाच्या शेजारींच सायंकाळीं ब्रिज व रमी खेळण्याची सोय करावी आणि चहा व पत्त्यांचे जोड यांच्या खर्चासाठीं माफक वर्गणी घ्यावी, असेंही ठरलें. इतक्यांत एका सभासदानें शंका काढली कीं, फासे आणि पत्ते एका जागीं सांपडले, वर पैसेही घेतले गेले, तर कायदा ती जागा जुगाराचा अड्डाच धरून चालतो. शंका ऐकतांच दोघांनीं अंग काढून घेतलें, आणि गंजिफेच्या मालकानें आपला डबा त्याच रात्रीं घरीं नेला. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें असल्यामुळें ‘द्यूत’ हा विषय आमचाच, असें मानून हा प्रश्न आमच्याकडे आला.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण तसा तो नाहीं. कायद्याविषयींच्या अर्धवट भीतीनें जुन्या वस्तु पेटींत दडून बसतात, आणि पेटींत दडलेली वस्तु दुसऱ्या पिढींत रद्दींत जाते, हा संग्राहकांचा नेहमींचा अनुभव आहे. उलट, ‘हा तर कौशल्याचा खेळ’ एवढ्याच आधारावर ज्या जागा चालतात, त्यांत एखाद्या कामगाराचा महिन्याचा पगार एका रात्रींत जातो, हेंही खोटें नाहीं. म्हणून कौशल्य व दैव यांतील भेद कायद्यानें कोठून घेतला, आणि क्लबाची निर्दोष बैठक कोणत्या ठिकाणीं सदोष होते, याचा मुळापासून विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

२. स्मृतिकार व कौटिल्य

आमच्या प्राचीन व्यवहारशास्त्रांत ‘द्यूत-समाह्वय’ हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक पद आहे. निर्जीव साधनांनीं, म्हणजे फासे, कवड्या, शलाका इत्यादिकांनीं जो पणाचा खेळ होतो तें द्यूत. कोंबडे, मेंढे इत्यादि प्राणी झुंजवून जो होतो तो समाह्वय. ही व्याख्या मनूची असून पुढील बहुतेकांनीं ती मान्य केली आहे. परंतु या खेळांचें करावें काय, याविषयीं शास्त्रकारांत एकवाक्यता नाहीं.

मनूचें मत निषेधाचें आहे. राजानें द्यूत व समाह्वय हे दोन्ही आपल्या राज्यांतून काढून टाकावे, खेळणाऱ्यांस व खेळविणाऱ्यांस शासन करावें, आणि शहाण्यानें थट्टेखातरही द्यूत खेळूं नये, असें तो सांगतो. याज्ञवल्क्याची भूमिका याहून वेगळी आहे. त्यानें द्यूत बंद केलें नाहीं, तर त्यास एका मालकाखालीं आणलें. हा मालक म्हणजे ‘सभिक’. मोठा पण जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच व इतरांकडून शेंकडा दहा हा त्याचा हक्क. राजानें त्याचें रक्षण करावें व त्यानें राजास ठरलेला भाग द्यावा. कपटाचे फासे वापरणाऱ्यास डाग देऊन हद्दपार करावें, अशी ही व्यवस्था आहे. द्यूत एकाच जागीं चालवावयाचें कारणही त्यानें दिलें आहे. चोरीचा पैसा बहुधा फडावर येतो; तेव्हां फड एक असला म्हणजे चोर ओळखूं येतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याच व्यवस्थेचें विवरण केलें, आणि पुढें महाराष्ट्रांत व्यवहाराच्या कामीं मिताक्षरेचाच अधिकार मोठा राहिला, हें वाचकांस ठाऊकच आहे. बृहस्पतीनें तर हे दोन्ही पक्ष स्पष्टपणें समोरासमोर ठेविले आहेत : मनूनें निषेध केला, इतरांनीं राजाच्या देखरेखीखालीं व राजाचा भाग राखून परवानगी दिली.

कौटिल्याच्या धर्मस्थीयांतील प्रकरण या सर्वांहून बारकाईचें आहे. त्याचा द्यूताध्यक्ष द्यूत एकाच ठिकाणीं चालवितो. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड होतो, आणि हेतु गूढाजीवींचा, म्हणजे चोरून उपजीविका करणाऱ्यांचा, शोध लावण्याचा आहे. अध्यक्षानें फासे व काकणी खरीं पुरवावयाचीं. जिंकलेल्या रकमेवर शेंकडा पांच घ्यावयाचें. शिवाय साधनांचें भाडें, पाणी व जागा यांचा आकार घ्यावयाचा. दंडाच्या बाबतींत त्यानें पूर्वाचार्यांचें एक मत खोडून काढलें आहे, तें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. द्यूताच्या तंट्यांत हरणाऱ्यास जिंकणाऱ्याहून अधिक दंड करावा, असें आचार्य म्हणत. कौटिल्याचें उत्तर असें कीं, तसें केल्यास फसविला गेलेला मनुष्य राजाकडे दाद मागण्यास येणारच नाहीं. ज्या कायद्यांत नागवला गेलेलाही गुन्हेगार ठरतो, त्या कायद्यापुढें नागवणाऱ्याची तक्रार कोणी करीत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

याच प्रकरणांत आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वाक्य येतें. द्यूताचे नियम समाह्वयासही लागू करतांना कौटिल्य एक अपवाद सांगतो : विद्या व शिल्प यांतील समाह्वयास हे नियम नाहींत. म्हणजे दोन पंडितांनीं वादांत अथवा दोन कारागिरांनीं कसबांत एकमेकांस आव्हान दिलें, तर तो जुगार नव्हे. बुद्धिबळासारखा खेळ या अपवादांत येतो कीं नाहीं, याविषयीं त्यानें एक अक्षरही लिहिलेलें नाहीं; म्हणून त्याच्या तोंडीं आजचा कायदा घालणें योग्य होणार नाहीं. परंतु जेथें निकाल माणसाच्या गुणावर लागतो, तें आव्हान निराळें, हें तत्त्व त्यानें निःसंशय मांडलें आहे. याज्ञवल्क्यानें समाह्वयास तेच नियम लाविले, पण हा अपवाद सांगितला नाहीं.

खेळांवरील ग्रंथांत मात्र हा भेद आढळत नाहीं. सोमेश्वराच्या मानसोल्लासांत चतुरंगाचें वर्णन आहे, तसेंच फाशांचें व कवड्यांचेंही आहे. औरंगाबादच्या हरिकृष्णानें १८७१ सालीं रचिलेल्या बृहज्ज्योतिषार्णवांतील क्रीडाकौशल्य या भागांत नाना प्रकारचे पट एकत्र आले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांनीं विलासमणिमंजरी हा केवळ बुद्धिबळावरील ग्रंथ लिहिला, व त्याचें इंग्रजी रूपांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. रसिकाच्या दृष्टीनें सर्व क्रीडा सारख्याच. त्यांत उभी रेघ ओढतो तो व्यवहारशास्त्रज्ञ. आणि ती रेघ सरळ नाहीं, याची जाणीवही आमच्या पूर्वजांस होती. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा नलास अक्षहृदय शिकवितो व त्याच्या बदल्यांत अश्वहृदय घेतो. म्हणजे फाशांतही कांहीं विद्या आहे, असें तो कथाकार मानतो.

३. ‘निव्वळ कौशल्य’ हे शब्द कोठून आले

आमच्या कांहीं मित्रांचा असा समज झाला कीं, आजच्या कायद्यांतील कौशल्याचा अपवाद कौटिल्यावरूनच घेतला असावा. हा समज कालाच्या दृष्टीनेंच टिकत नाहीं. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा, म्हणजे त्या वर्षाचा चौथा. आणि हिंदुस्थानांतील कांहीं प्रांतांसाठीं झालेला सार्वजनिक जुगाराचा कायदा त्याच्याही वीस वर्षें आधींचा, १८६७ चा. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं येऊन तिचा पाठ म्हैसुरास छापला गेला १९०९ सालीं. जो ग्रंथ तोंपर्यंत नुसता नांवानें व उताऱ्यांनीं ठाऊक होता, त्यांतील एक वाक्य कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेस पडणें संभवनीय नव्हतें. दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणीं येऊन पोंचल्या, एवढेंच म्हणतां येतें. आणि तेंच अधिक मोलाचें आहे.

या शब्दांचें खरें कूळ इंग्लंडांत आहे. तेथें आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५४१ सालीं, लोकांनीं धनुर्विद्येचा सराव सोडूं नये म्हणून गोलंदाजी, टेनिस वगैरे खेळ सामान्य जनांस मना करण्यांत आले. हे खेळ जुगार होते म्हणून नव्हे, तर त्यांत वेळ जातो म्हणून. पुढें धनुष्य गेलें, बंदूक आली, तरी मनाई कागदावर राहिली. अखेर १८४५ च्या कायद्यानें ती उठवितांना, जे खेळ निव्वळ कौशल्याचे आहेत त्यांस पूर्वीची मनाई लागू नाहीं, अशी शब्दरचना करण्यांत आली. १८६७ च्या हिंदुस्थानच्या कायद्याच्या १२ व्या कलमांत व मुंबईच्या कायद्याच्या १३ व्या कलमांत तेच शब्द उतरले : निव्वळ कौशल्याच्या खेळास, तो कोठेंही खेळला जावो, हा कायदा लागू नाहीं.

मुंबईच्या कायद्याचा सांगाडा जुन्या वाचकास ओळखीचा वाटेल. चौथें कलम अड्डा चालविणाऱ्यासाठीं, पांचवें तेथें खेळणाऱ्यासाठीं. बारावें कलम रस्त्यावरील जुगाराचें असून त्यांत पशुपक्षी झुंजविणाऱ्यासही धरलें आहे. द्यूत व समाह्वय ही जोडी येथेंही सुटलेली नाहीं.

या कायद्यानें ‘सामान्य जुगारगृह’ कशास म्हणावें हें सांगितलें आहे, तें क्लबांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. पावसावरील किंवा बाजारभावावरील पैजा यांसारखे कांहीं प्रकार सोडले तर, जेथें जुगाराचीं साधनें जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या लाभासाठीं ठेविलीं अथवा वापरलीं जातात, मग तो लाभ जागेच्या आकाराच्या रूपानें असो वा साधनांच्या भाड्याच्या रूपानें असो, ती जागा जुगारगृह होय. सहाव्या कलमाप्रमाणें रीतसर झडती होऊन तेथें पत्ते, फासे इत्यादि सांपडले, तर सातव्या कलमानें ती जागा जुगारगृह आहे असें प्रथमदर्शनीं मानलें जातें, व तसें नाहीं हें दाखविण्याचा भार जागेवाल्यावर पडतो. आमच्या मित्राच्या भीतीचें मूळ या सातव्या कलमांत होतें. भीति अगदींच निराधार नव्हती. अपुरी मात्र होती.

४. न्यायालयांनीं केलेला अर्थ

‘निव्वळ’ या शब्दाचा शब्दशः अर्थ केला, तर पत्त्यांचा एकही खेळ त्यांत बसणार नाहीं. कारण पत्ते पिसले कीं दैव आलेंच. इंग्लंडांत १८८४ सालीं एका प्रतिष्ठित क्लबांतील बॅकराचा खटला चालला, तेव्हां तेथील न्यायालयानें दैव व कौशल्य यांचें मिश्रण असलेले खेळही वर्ज्य कोटींत धरले. आपल्याकडील निर्णय निराळ्या वाटेनें गेले.

पहिला मोठा निर्णय मुंबई इलाख्याशींच संबंध असलेला आहे. बंगळूर येथून निघणाऱ्या एका पत्रांत शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धा येत व त्या मुंबई राज्यांतही चालत. मुंबईच्या १९४८ च्या कायद्यान्वयें त्यांवर कर व नियंत्रण आलें, आणि चमारबागवाला यांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९५७ सालीं न्यायालयानें दोन गोष्टी ठरविल्या. जुगार हा व्यापारच नव्हे. म्हणून व्यापाराच्या मूलभूत हक्काचें संरक्षण त्यास नाहीं. परंतु ज्या स्पर्धेंत यश बव्हंशीं कौशल्यावर अवलंबून असतें, ती जुगार नव्हे. येथें ‘निव्वळ’ याचा अर्थ ‘मुख्यत्वें’ असा झाला.

दुसरा निर्णय क्लबांचा आहे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ सालीं छापा पडला. तेथें सभासद पैसे लावून रमी खेळत होते. खटला निजामाच्या राज्यांतील १३०५ फसलीच्या जुगाराच्या कायद्याखालीं चालला. आमचा मराठवाडाही त्या काळीं त्याच राज्यांत होता, म्हणून हा निर्णय आम्हांस परका नाहीं. १९६७ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, तीन पत्ती हा निखळ दैवाचा खेळ आहे, पण रमी तसा नाहीं. रमींत कोणतें पान पडलें तें लक्षांत ठेवावें लागतें. कोणतें धरावें, कोणतें टाकावें, याचा विचार करावा लागतो. म्हणून तो मुख्यत्वें कौशल्याचा खेळ ठरतो. पानें कशीं वांटलीं जातात यांत दैव आहे; पण तें ब्रिजमध्येंही आहे.

या निर्णयाचा पहिला भाग सर्वांच्या तोंडीं आहे. दुसरा मात्र सोईस्करपणें विसरला जातो. न्यायालयानें क्लबाच्या हिशेबाकडेही पाहिलें. पत्त्यांच्या जोडांबद्दल व बसण्याबद्दल घेतलेला आकार वाजवी असेल, सभासदांच्या सोयीसाठीं होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणांत असेल, तर तो जुगाराचा लाभ नव्हे, असें ठरवून सातव्या कलमांतील गृहीत त्या प्रकरणीं खोडलें गेलें असें मानलें. परंतु त्याबरोबरच हेंही बजावलें कीं, क्लबाचा चालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमींतून अथवा दुसऱ्या कोणत्याही खेळांतून नफा काढतो असा पुरावा आला, तर गुन्हा शाबीत होऊं शकतो.

तिसरा निर्णय घोड्यांच्या शर्यतींचा. मुंबईच्या कायद्यानें परवानगीच्या शर्यतीवर मैदानांतच लावलेली पैज आधींपासूनच जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेविली आहे. १९९६ सालीं मद्रासच्या रेस क्लबाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हाच मुळीं मुख्यत्वें कौशल्याचा खेळ असल्याचें ठरविलें. ऋतुपर्णाचें अश्वहृदय अशा रीतीनें कायद्यांत मान्य झालें. अक्षहृदयाच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं.

५. नाल

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. अड्ड्यावर प्रत्येक डावामागें चालक जो भाग काढून घेतो, त्यास मराठींत ‘नाल’ म्हणतात. सभिकाचें शेंकडा पांच तें हेंच. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्णांसाठीं संवाहकाच्या मागें लागलेला माथुर हा सभिक ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ही संस्था नव्यानें सांगावयास नको. हरणारा ओसाड देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो, पण डाव पडल्याचा आवाज ऐकतांच त्याचे हात शिवशिवतात. तेथें कवीनें थट्टा केली आहे. तरी हरणाऱ्याचें व्यसन आणि फड चालविणाऱ्याचा हिशेब हे एकमेकांस कसे धरून असतात, तें त्यांतून नेमकें दिसतें.

वरील सर्व आधार एकत्र ठेवून पाहतां असें दिसतें कीं, कायदा नेहमीं दोन प्रश्न विचारतो. पहिला : निकाल कशावर लागतो, गुणावर कीं दैवावर ? दुसरा : खेळावर कोण जगतो ? बुद्धिबळ, कॅरम, ब्रिज यांविषयीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर सुलभ आहे. रमीविषयीं तें न्यायालयानें दिलें आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर खेळाच्या नांवांत सांपडत नाहीं. तें क्लबाच्या वहींत सांपडतें. वर्गणी ठरलेली असेल, डाव कितीही झाले तरी तीच राहत असेल, तर ती वर्गणी. डावागणिक अथवा जिंकलेल्या रकमेच्या प्रमाणांत वाढत असेल, तर ती नाल. मग पावतीवर कांहींही लिहिलेलें असो. हा आमचा निष्कर्ष असून कायद्याचे शब्द नव्हेत, हें स्पष्ट केलें पाहिजे; परंतु न्यायालयाच्या वाक्यांचा रोख तोच आहे, असें आम्हांस वाटतें.

अधिकाऱ्यांविषयीं एक गोष्ट स्थानिक महत्त्वाची आहे. १९५१ च्या पोलीस कायद्याचें ३३ वें कलम सार्वजनिक करमणुकीच्या जागांविषयीं नियम करण्याचा व परवाने देण्याचा अधिकार, पोलीस आयुक्त असलेल्या क्षेत्रांत आयुक्तांस व अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांस, देतें. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं पिंपरी-चिंचवडचें आयुक्तालय निराळें झालें आणि चाकणचें ठाणें पुणें ग्रामीणांतून त्यांत गेलें. गांव खेड तालुक्यांतच राहिला. पण करमणुकीच्या जागेचा परवाना कोणाकडे मागावयाचा, हें बदललें. जुन्या परवान्याच्या आठवणीवर विसंबणाऱ्या मंडळांनीं हें ध्यानांत ठेवावें. तसेंच कौशल्याचा खेळ जुगार नसला, तरी लोकांस खुली असलेली जागा परवान्याच्या नियमांतून सुटत नाहीं. व्हिडिओ खेळांच्या प्रकरणीं १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा नियमनास मान्यता दिलेली आहे.

६. अलीकडील वळण

शेजारच्या गोव्यानें बृहस्पतीनें सांगितलेला दुसरा पक्ष धरला. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यांत १९९२ सालीं व पुढें सुधारणा होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस व पाण्यावरील जहाजांतील खेळांस सरकारी परवानगीनें व शुल्कानें वाट मिळाली. महाराष्ट्रानेंही १९७६ सालीं कॅसिनोंच्या नियंत्रणाचा व कराचा कायदा केला होता. परंतु तो कधीं अंमलांत आला नाहीं आणि २०२३ सालीं रद्द झाला. महाराष्ट्र याज्ञवल्क्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन मनूकडे परतला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दरम्यान खेळ बैठकींतून दूरध्वनीच्या पडद्यावर गेले. काल्पनिक संघ निवडून क्रिकेटवर खेळावयाच्या स्पर्धेंत कौशल्यच प्रधान आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं मानलें, आणि त्या एका शब्दाच्या आश्रयानें मोठा धंदा उभा राहिला. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा संमत केला. त्यांत पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, तो कौशल्याचा असो वा दैवाचा, मना करण्यांत आला आहे. तो चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेविलेली नाहीं. म्हणजे पडद्यावरील खेळांपुरता पहिला प्रश्न कायद्यानें सोडून दिला व दुसरा तेवढा ठेविला. नागवला गेलेला मनुष्य तक्रारीस येऊं शकेल, हा कौटिल्याचा विचारही येथें अभावितपणें साधला आहे. १८८७ च्या कायद्यांत ही सवड नाहीं. तेथें पांचव्या कलमानें खेळणाराही आरोपी होतो. समोरासमोर बसून खेळावयाच्या पत्त्यांस मात्र १३ व्या कलमाचें छत्र पूर्ववत् आहे.

७. संग्राहकांसाठीं

राहतां राहिला गंजिफेचा डबा. कायद्यांतील ‘जुगाराचें साधन’ म्हणजे जुगारासाठीं वापरलेली अथवा वापरण्याच्या हेतूनें ठेविलेली वस्तु. सातव्या कलमांतील गृहीतही संशयावरून रीतसर झडती झालेल्या जागेपुरतें आहे. ८३ पानें उरलेल्या डब्याचा डाव मांडतांच येत नाहीं. आणि पूर्ण डबा असला, तरी तो कांचेच्या कपाटांत, नोंदीच्या चिठ्ठीसह, पाहण्यासाठीं ठेविला असेल, तर त्यास जुगाराचें साधन म्हणण्यास आधार दिसत नाहीं. सांवतवाडीच्या गंजिफांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे; ज्या वस्तूस सरकार आपल्या प्रांताचें भूषण म्हणून नोंदवितें, ती घरांत असणें हा दोष कसा होईल ? संग्राहकांनीं मात्र दोन गोष्टी कराव्या. वस्तु कोठून आली याची लेखी नोंद तिच्याजवळ ठेवावी. आणि प्रदर्शनाच्या खोलींत पैशाचा डाव, तो कितीही लहान असो, मांडूं देऊं नये.

याच आधारावर आम्हीं त्या मंडळींस चार नियम लिहून दिले. प्रदर्शन व खेळ यांच्या खोल्या निराळ्या. खेळांत पण नाहीं. वर्गणी मासिक व सर्वांस सारखी, डावाशीं तिचा संबंध नाहीं. जमाखर्चाची वही कोणासही पाहण्यास खुली. चौथा नियम कांहींना अपमानकारक वाटला. पण सिकंदराबादच्या क्लबाची बाजू त्याच्या हिशेबानेंही राखली, हें सांगितल्यावर तो मान्य झाला.

आमच्या वाचकांकडे एक मागणें आहे. कोतवालीच्या हिशेबांत व गांवच्या दप्तरांत ‘गुन्हेगारी’च्या रकमा येतात. त्यांत जुगाराच्या बाबी आढळल्यास, दंड खेळणाऱ्याकडून घेतला कीं खेळविणाऱ्याकडून, आणि खेळ कोणता होता, एवढें टिपून ठेवावें. स्मृति काय सांगतात तें आपणांस ठाऊक आहे. आमच्या गांवांत प्रत्यक्ष काय चालत होतें, तें या दोन टिपणांवरूनच कळणार आहे. चाकण चौऱ्यायशींतील कागद ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं विशेषेंकरून पाहावें.

प्रदर्शन दिवाळींत झालें नाहीं, माघांत झालें. गंजिफेचा डबा परत आला. त्यांतील मत्स्यावताराचें एक पान पाहून शेजारच्या आळींतील एका वृद्ध बाईंनीं आपल्या घरीं तसलींच गोल पानें देव्हाऱ्याखालीं असल्याचें सांगितलें. तीं अकरा निघालीं. रंग व माप जुळतें. आतां ९४ झालीं आहेत.